आडव्या फोटोस उभे करण्याचा विधी

आडवा फोटो समोर आला की साधक प्रथम मान वाकडी करतो, मग फोन फिरवतो, आणि फोन लबाडीने फोटोही फिरवतो. या फुगडीला अंत नाही, म्हणून कमांड लाइनला शरण जावे. मात्र आज्ञा सोडण्याआधी वाकडे नक्की कोण, याची चौकशी हवी. फोन उभा धरला तरी सेन्सर बहुधा आपल्या आडव्या रिवाजानेच ओळी लिहितो आणि फाइलीत एक्झिफची चिठ्ठी ठेवतो. तीत १ ते ८ पैकी एक आकडा असतो: ३ म्हणजे चित्र उलटे, ६ म्हणजे दाखवताना उजवीकडे ९० अंश फिरवा. चिठ्ठी वाचणारा प्रोग्राम फोटोतल्या काकूंना उभे करतो, न वाचणारा आडवे पाडतो. तेव्हा भांडण बहुतेकदा चित्राचे नसतेच. जो उतावळा पिक्सेल फिरवतो पण चिठ्ठीतला ६ तसाच ठेवतो, त्याच्या काकू दोनदा फिरून चक्क दुसऱ्या कुशीवर आडव्या होतात. इमेजमॅजिक या कमांड लाइनवरच्या प्रोग्रामची ‘ऑटो-ओरिएंट’ ही आज्ञा चिठ्ठी वाचून पिक्सेल वळवते आणि आकडा १ करते. एवढी सचोटी माणसांतही विरळाच.

एका फोटोसाठी एवढे सोवळे कशाला, माऊस आहे की, असा आक्षेप येईल. एका फोटोपुरता तो मान्य. लग्नाचे चारशे असतील तर इमेजमॅजिकचेच ‘मॉग्रिफाय’ एका ओळीत सगळे वळवते. फक्त मूळ फायलींवरच लिहिते, तेही न विचारता, म्हणून आधी फोल्डरची प्रत काढावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जेपीईजी उलगडून पुन्हा आवळला की थोडा झिजतो. चार वेळा ९० अंश फिरवलेला फोटो जागेवर येतो, पण जसाच्या तसा येत नाही. त्यावर ‘जेपीईजीट्रान’ हा उतारा. तो चित्र न उलगडता आतल्या ८ बाय ८ च्या चौकटींचीच फिरवाफिरव करतो. रंगांची नेहमीची काटकसर असेल तर हिशेब १६ चा होतो. ४०३२ बाय ३०२४ ला तो बिनबाकी सुटतो. १०८० ला मात्र ८ उरतात, आणि ती पट्टी कडेला विचित्र दिसते. ‘ट्रिम’ म्हटले तर ती कापली जाते, ‘परफेक्ट’ म्हटले तर आज्ञा कामालाच नकार देते.

आता उरला टेबलावरचा सातबारा. वरून टिपताना फोन जमिनीला समांतर असतो, गुरुत्वाकर्षणावरून त्याला वरची बाजू कळत नाही, आणि चिठ्ठीत चुकीचा आकडा पडू शकतो. ऑटो-ओरिएंट तोही निष्ठेने पाळते. अशा वेळी गट क्रमांक कुठल्या कडेला पडलाय ते स्वतः पाहून ९० की २७० ते आज्ञेत लिहावे. तेवढ्यापुरती मान वाकडी करण्यास हरकत नाही.