आप्पांची छत्तीसची कंबर

पहाटे साडेपाचला जळगावच्या मेहरूण तलावावर जा, एक तरी आप्पा भेटतातच. पांढरे बूट, लेकाने पुण्याहून पाठवलेलं पावलं मोजणारं घड्याळ, खांद्यावर रुमाल आणि या सगळ्याच्या चार बोटं पुढे चालणारं पोट. धुळ्यात हेच आप्पा पांझरेच्या काठी दिसतात. तिथे त्यांना नाना म्हणतात, एवढाच फरक.

पोटाबद्दल आप्पांना शिकवायला जाऊ नका. यकृताभोवती, आतड्यांभोवती साठलेली चरबी मधुमेहाला आवतण देते, हे तेच तुम्हाला सुनावतील. ‘आपण लोक वरून काडी अन् आतून लोणी, भो!’ वाक्य त्यांचं. संशोधन मात्र पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकाऱ्याचा जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. चरबी साहेबाची 9.1 टक्के, आपल्या डॉक्टरांची 21.2. आप्पांनी यातून काय घेतलं? ‘म्हणजे दोष रक्तातच आहे. उगाच बट्टीला कशाला नावं ठेवता?’

बट्टी हा आप्पांचा हळवा विषय. ती ते चमच्याने खात नाहीत. ताटात हाताने कुस्करायची, मधोमध आळं करायचं, आळ्यात वरण आणि वरून तूप. वाढणारा ‘बस म्हणा’ म्हणतो आणि नेमकी तेव्हाच आप्पांना शेजारच्या पाहुण्याची विचारपूस आठवते. तुपाची धार वाहतच राहते. बाजूला वांग्याची घोटलेली भाजी, तिच्यावरही तेलाचा तवंग.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवणाचा मार्ग गाजला, तेव्हा आप्पा त्यात हिरिरीने उतरले. गोड कमी करा, प्रथिनं वाढवा, रोज 45 मिनिटं चाला, हे सगळं गाळून त्यांनी ‘55 मिनिटांत जेवण संपवा’ एवढंच उचललं. धुळ्याला विहीणबाईंकडच्या पंगतीत त्यांनी मोबाइलवर गजर लावला होता. शेवटची बट्टी चोपन्नाव्या मिनिटाला संपली. नियम मोडला नाही.

चालण्याचंही तसंच. आठवड्याला किमान 150 मिनिटं चालावं, आणि अशा वेगाने की बोलता येईल पण गाता येणार नाही, असं डॉक्टर सांगतात. आप्पा चालताना केळीच्या भावावर भाषण करतात, मुद्दा आला की थांबतात, टाळी घेतात. मग गेटापाशी गरम कचोरी. घड्याळात पावलं दिसतात, कचोरी दिसत नाही. बाकावर पाय अडकवून ते पोटाच्या बैठकाही काढतात. त्याने स्नायू कणखर होतात, पण चरबी काही पोटापुरती जात नाही. ती जाते ती सगळ्या अंगातून, तीही ताट आवरलं तरच.

‘अहो, भरीत खा ना, पण पुरी सोडा,’ काकू सांगून थकल्या. त्यांचं चूक नाही. भाजलेल्या वांग्याने कुणाचं पोट सुटलेलं नाही. सुटतं ते वरच्या वाटीभर तेलाने आणि आग्रहाच्या पुऱ्यांनी. कळण्याची भाकरी, पातीचा कांदा, ठेचा हे खानदेशातलं रोजचं जेवण. बट्टी सणावाराची होती. आप्पांनी रोज सण केला.

एवढं होऊनही आप्पांचा दावा कायम: ‘वीस वर्षं झाली, पँट छत्तीसचीच!’ खरं आहे. फक्त ती दर वर्षी बोटभर खाली सरकत गेली आणि आता पोटाच्या खालून, मोकळ्या जागेतून जाते. गेल्या दिवाळीत सूनबाईंनी शिवणकामाची टेप आणली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती लावली. आप्पांनी श्वास आत ओढला. ‘आप्पा, सोडा श्वास.’ सोडला. टेप 104 सेंटीमीटरवर गेली. आप्पांनी ती उलटून पाहिली आणि निकाल दिला, ‘धुळ्याची दिसते. आखूड आहे.’

तुम्हीही आजच मोजा. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटर ही हद्द धरतात. पँटचा नंबर सांगू नका, आणि श्वास सोडून मोजा.