सहीचं कृष्णविवर

आंबवड्यात झुलता पूल आहे, नागेश्वराचं देऊळ आहे, कान्होजी जेध्यांची समाधी आहे. पुस्तकाच्या दुकानाचं मात्र विचारू नका. आवडत्या विज्ञानकथाकाराची सही हवी तर भोरमार्गे पुणं गाठायचं, रांगेत ताटकळायचं, ‘सर, तुमचा फॅन’ एवढंच पुटपुटायचं आणि परतीची एसटी धरायची. (सहीचं पुस्तक मळेल म्हणून उघडायचं नाही, हे ओघानं आलंच.)

जयंत नारळीकरांकडे ही सोय नव्हती. सही मागणाऱ्या पोरांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. म्हणजे आधी डोकं खाजवणं आलं! निम्मी रांग तिथंच पांगली असणार.

आणि गंमत पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना याच माणसानं नाव घातलं नारायण विनायक जगताप, आणि अक्षर पत्नीचं. पहिलं बक्षीस मिळालं. कागदावर ओळखीचं नाव नाही, ओळखीचं अक्षर नाही. परीक्षकांना बिचाऱ्यांना कथाच वाचावी लागली.