वरच्या मजल्यावरचे काका

नागपुरात बर्डीवर आधी मालक घर बांधतो, मग वर भाडेकरू ठेवतो आणि चाळीस-पन्नास वर्षांत मालकच भाडेकरूच्या खाली राहायला लागतो. मेन रोडच्या दुकानांमागे, मोदीच्या गल्ल्यांत जी जुनी घरं उरली आहेत, तिथे हे गृहस्थ हमखास भेटतात. वय ऐंशीच्या पुढे, दात स्वतःचे, भाडं महिना 62 रुपये 40 पैसे. अख्खा मोहल्ला त्यांना काका म्हणतो. मालकही काकाच म्हणतो, कारण लहानपणी त्याला खांद्यावर बसवून टेकडीच्या गणपतीला यांनीच नेलेलं असतं. वाद कसलाही असो, दुसऱ्या मिनिटाला हा खांदा निघतो.

काकांना दोनच गोष्टी तोंडपाठ आहेत, रामरक्षा आणि भाडे नियंत्रण कायदा. रामरक्षेत हल्ली अडखळतात.

विदर्भात पूर्वी सी.पी. अँड बेरारचा 1949 चा आदेश चालायचा. घर खाली करा अशी नोटीस द्यायची तरी मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. मालकाच्या बाबांनी तसा अर्ज केला, तेव्हा त्यातलं शुद्धलेखन काकांनीच तपासून दिलं होतं. अर्ज नामंजूर झाला, पण एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं. मग 31 मार्च 2000 पासून राज्याचा नवा कायदा लागू झाला आणि मालकाच्या जिवात जीव आला. दरवर्षी चार टक्के भाडेवाढ! साठाचे चार टक्के म्हणजे 2 रुपये 40 पैसे. काकांनी ते सुटे मोजून दिले आणि पावती मागितली. पुढच्या वर्षी मालकाने विषयच काढला नाही, पावतीपुस्तक महाग पडत होतं. 2011 मध्ये चार आणे आणि त्याखालची नाणी बाद झाली, तेव्हापासून काका साडेबासष्ट देतात आणि दहा पैसे 'आगाऊ जमा' म्हणून वहीत मांडतात. मालक भाडेकरूचा कर्जदार झाल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

उन्हाळ्यात काकांचा कूलर गळतो. पाणी थेट मालकाच्या दिवाणावर.

"काका, छत गळून राहिलं."

"तेच तर म्हणतो बेटा. दुरुस्ती मालकाकडे असते. कलम चौदा. मी बोललो नाही इतके दिवस, म्हटलं घरचाच पोरगा आहे."

शेवटी मालकाने मुलाच्या लग्नाचं कारण सांगून, आम्हालाच जागेची गरज आहे म्हणून दावा लावला. यात कोर्ट हेही बघतं की जागा सोडल्याने भाडेकरूला जास्त त्रास होईल की न मिळाल्याने मालकाला. तारखेला काका काठी घेऊन आले. ती काठी त्याआधी आणि नंतर कोणी पाहिली नाही. सिव्हिल लाइन्समधून दोघं एकाच ऑटोत परतले. ऑटोचं भाडं मात्र काकांनी बाजारभावाने दिलं.

'डुप्लेक्स' नावाचा एक अमेरिकन सिनेमा आहे, 2003 चा, डॅनी डेव्हिटोचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक तरुण जोडपं हौसेने दुमजली घर घेतं. वरच्या मजल्यावर एक म्हातारी, तिला काढता येत नाही, आणि शेवटी हे दोघं तिचा खून करण्याच्या खटपटीला लागतात. तो बघून मला त्या जोडप्याची कीव आली. किती उतावीळ! बर्डीचा मालक मारेकरी बघत नाही, पंचांग बघतो. इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत तो हात जोडून पुटपुटतो आणि नजर हळूच वर जाते. वर गॅलरीत काकाही हात जोडून उभे. शिवाय इथे काका गेले म्हणूनही सुटका नाही. घरात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण चालत जातं, हेही कायद्यातच आहे. म्हणून तर शिकायला आलेला नातू गेली सहा वर्षं 'सोबतीला' आहे.

हा प्रकार बर्डीच्या मातीतलाच असावा. इंग्रजांचा रेसिडेंट इथे टेकडीजवळ आधी पाहुण्यासारखाच राहायला होता. 1816 च्या तहाने त्यांनी तैनाती फौज आणली, तिचा खर्चही भोसल्यांच्याच माथी. नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेबांनी त्यांना काढायला पाहिलं, तर दोन दिवसांच्या लढाईत टेकडी त्यांच्याकडेच राहिली आणि 1853 मध्ये अख्खं राज्य. पुढे जायला 1947 उजाडावं लागलं. काकांना ही तारीख फार आवडते. म्हणतात, "बघ बेटा, इंग्रजासारखा इंग्रज, त्यालाही घर खाली करायला चौऱ्याण्णव वर्षं लागली."

आता बर्डीत मेट्रो आली, जागांचे भाव चढले आणि परवा एक बिल्डर आला. खाली मालक नवा शर्ट घालून, फाइल घेऊन बसला होता. बिल्डरने त्याला नमस्कार केला, जिना कुठे ते विचारलं आणि सरळ वर गेला. तासभर वरून हसण्याचे आवाज. मालकीणबाईंनी खालूनच चहा पाठवला. मग काका गॅलरीत येऊन कठड्यावरून वाकले.

"अरे बेटा, वर ये जरा. हे म्हणतात, तुझंही मत विचारून घेऊ."