वाढत्या अंगाचे बूट

दर जूनमध्ये शाळेचे बूट घेताना आमचे वडील दुकानदाराला एवढंच सांगत, "वाढत्या अंगाचे दाखवा." मग पुढे कापूस कोंबायचा आणि दोन वर्षं रेटायची. माझी उंची वाढायची थांबली त्याला पस्तीस वर्षं झाली, पण खोड गेली नाही. पाय आठ नंबरचा, बूट नऊ नंबरचा.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आपण वॉल्ट्झ करायचा, असं बायकोनं जाहीर केलं आणि दोघांची नावं बॉलरूमच्या क्लासात घातली. पहिल्या दिवशी मी फिरायला जायचे बूट घालून गेलो. रबरी तळ जमीन सोडेना. सर "टर्न" म्हणाले. कंबर वळली, पाऊल जागेवरच राहिलं आणि दोघांच्या भांडणात गुडघा भरडला.

दुसऱ्या दिवशी लग्नकार्यातले चामड्याचे बूट बाहेर काढले. अर्थात नऊ नंबर, कापसासकट. वॉल्ट्झला तीनाचा ठेका. 'एक'ला मी उजवा पाय मागे घेतला. पाय आला, बूट आला नाही. समोरून बायको तालात पुढे आली ती थेट बुटावर. शेजारच्या जोडप्याच्या पायात कापसाचा बोळा घोटाळत होता.

सरांनी बाजूला घेऊन समजावलं. नाचाच्या बुटाला तळाला स्वेड असतं, म्हणजे लव असलेलं चामडं. ते हवं तेवढं घसरतं, हवं तेवढं धरतं. लव दबली की तारेच्या ब्रशानं उठवायची. रस्त्यावर हे बूट घालायचे नाहीत, ओले करायचे नाहीत. खरेदीला संध्याकाळी जायचं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नाचताना घालणार तेच मोजे घालून बघायचं. चवड्यांवर उभं राहिल्यावर टाच सुटता कामा नये, पण बोटंही दुमडायला नकोत. चामडं पुढे सैलावतं, म्हणून सुरुवातीला अंगाबरोबर बसणाराच घ्यायचा.

संध्याकाळी दुकानात गेलो. आठ नंबर असा बसला, जणू माझ्याच पायावर बेतला होता. चवड्यांवर उभा राहिलो, टाच हलली नाही. आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "एक नंबर मोठा दाखवा."

दुकानदारानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"दाखवा हो," बायको म्हणाली, "अजून वाढतायत ते."

तिची नजर पायांवर नव्हती.