छप्पर उडालेला सर्व्हेअर

गेली २७ वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांची किंमत काढून जगतोय. विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांचा सर्व्हे करणं हा माझा धंदा. कुणाचा ट्रॅक्टर विहिरीत जातो, कुणाचा टेम्पो कांद्यासकट पलटी होतो, कुणाच्या कोऱ्या गाडीवर चिंचेची फांदी पडते. नगर जिल्ह्यातून कुठूनही फोन येतो. मी जातो, पत्रा बोटानं वाजवतो, ‘हं’ म्हणतो आणि मालकाच्या अपेक्षेच्या निम्मा आकडा लिहितो. मालक रडकुंडीला आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, “गाडी ही घसाऱ्याची वस्तू आहे. तिच्यात जीव गुंतवू नये.”

असा मी, वयाच्या ५३व्या वर्षी, गोठ्यात उभ्या असलेल्या एका बिनछपराच्या गाडीत जीव गुंतवून बसलो.

फोन एजंटचा होता. “सर्व्हेअर साहेब, एक पाखरू आलंय. नुसतं बघून जा.” नुसतं बघून यायला म्हणून मी नेवासे तालुक्यात गेलो. एका बागायतदाराच्या गोठ्यात दोन जर्सी गाईंच्या शेजारी ताडपत्रीखाली ते पाखरू बसलं होतं. ताडपत्रीवर कबुतरांनी आपापल्या सह्या केल्या होत्या. बागायतदाराच्या मुलानं जमिनीच्या एका व्यवहारानंतर हौसेनं दिल्लीहून ही गाडी आणली होती. आता हौस फिटली होती आणि त्याला ऊसतोडणीचं यंत्र घ्यायचं होतं. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. जर्मन आहे, एवढं पुरे. निळा रंग, दोनच सीटा, त्याही सायीच्या रंगाच्या चामड्याच्या.

“आता बघा,” म्हणून मुलानं बटण दाबलं.

डिकीचं झाकण उलट्या बाजूनं उघडलं. डोक्यावरचा धातूचा टप मधोमध दुभंगला, मागं सरकला, एकावर एक निजला आणि इस्त्रीच्या साडीची घडी कपाटात जावी तसा डिकीत गेला. झाकण मिटलं. सगळे मिळून २० सेकंद. मी २७ वर्षांत हजारो गाड्यांचे टप पाहिले, पण ते सगळे झाडानं, ट्रकनं किंवा विजेच्या खांबानं उघडलेले. स्वतःहून, राजीखुशीनं उघडलेला टप मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेजारची जर्सी रवंथ करायची थांबली. माझंही तेच झालं.

“नवी साठ लाखांच्या वर होती,” एजंट कानाशी कुजबुजला. “चौदात देतो.”

घरी येऊन मी बायकोला हिशेब समजावून सांगितला. साठची वस्तू चौदाला, म्हणजे सरळसरळ ४६ लाखांचा फायदा.

“अहो, मग दोन घ्या की,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “९२ लाख सुटतील. आणि मला एक सांगा. डोक्यावर छप्पर असावं म्हणून आपण १८ वर्षं कर्ज फेडलं. आता छप्पर नसावं म्हणून कर्ज काढायचं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी तो तिच्या अडाणीपणाच्या खात्यावर टाकला.

खरं कारण वेगळंच होतं. आमच्या धंद्यात घसाऱ्याचा एक ठरलेला तक्ता असतो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी: ५० टक्के घसारा. दहा वर्षांवरचा पत्रा: तोही ५० टक्के. काच: शून्य. एका रात्री झोप येईना, तेव्हा मी हा तक्ता स्वतःला लावून पाहिला. गुडघ्यांच्या वाट्या रबरात धरल्या. बॅटरी दुपारी जेवणानंतर उतरते. दोन दाढांवर धातूच्या टोप्या आहेत, त्या दहा वर्षांवरच्या. घसारा लागू होत नाही असा माझा एकमेव भाग म्हणजे चष्मा. आणि टप? तो तर पस्तिशीतच उडालाय. छप्पर नसलेल्या माणसाला छप्पर नसलेली गाडी शोभून दिसेल, असं रात्री अडीच वाजता मला अगदी मनापासून वाटलं.

मग मी वहीत दोन रकाने आखले: जमा आणि खर्च.

जमेच्या बाजूला पहिलं लिहिलं: आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस पडावा म्हणून जिथं माणसं आभाळाकडे बघत बसतात, तिथं आभाळ दिसणारी गाडी ही चैन कशी? ती तर शेतीला पूरक वस्तू. या वाक्यावर मी इतका खूश झालो की जमेच्या बाजूला दुसरं काही सुचलंच नाही.

खर्चाची बाजू मात्र आपोआप भरत गेली. गाडीला स्टेपनी नाही. टायर पंक्चर झाला तरी चालणारे आहेत, पण ८० किलोमीटरपर्यंतच. तसला टायर मिळणार पुण्यात, आणि पुणं नगरहून १२० किलोमीटर. म्हणजे पंक्चर घराच्या दारात झालं, तर गाडी मला इमानेइतबारे शिक्रापूरच्या आसपास नेऊन सोडणार. कागदपत्रं दिल्लीची. तिथून ना-हरकतीचा २८ नंबरचा फॉर्म, मग मालकी बदलायला २९ आणि ३०, मग नव्यानं नोंदणी, नव्यानं कर. तेव्हा कुठं एमएच १६ हा नंबर मिळणार. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण १६ आकडा तोच राहिला आणि आमच्या तोंडी ‘नगर’ही.)

रस्त्यांचं तर बोलायलाच नको. आमच्या शहरात लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची मोठी संस्था आहे. तिच्या पत्त्यातलं गावच वाहननगर. तिथं गाड्या तपासायला मुद्दाम खडबडीत ट्रॅक बांधलेत. आम्हा नागरिकांना ती सोय घरापासून मार्केट यार्डापर्यंत फुकट आहे. आणि ही गाडी जमिनीपासून इतकी खाली, की स्पीड ब्रेकर दिसला तर वळसा घालून दुसऱ्या तालुक्यातून जावं.

गावाकडे वडिलांना, म्हणजे अण्णांना, विचारलं. वय ८२. त्यांनी एकच चौकशी केली, “पोतं कुठं ठेवायचं?”

टप मिटलेला असताना डिकीत ३१० लिटर जागा असते, उघडला की १८० उरते, असं मी सांगितलं. अण्णांनी लिटरात ज्वारी कधी मोजली नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे वारं खायचं आसंल तर ज्वारी खायची न्हाई.”

मन ताळ्यावर येईना, तेव्हा मी एकटाच रणगाडा संग्रहालयात गेलो. नगरचा माणूस एरवी पाहुण्यांबरोबरच तिथं जातो. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय, देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे. त्यात एक रोल्स-रॉइस आहे. सिल्व्हर घोस्ट. ज्या गाडीसाठी राजेरजवाडे जीव टाकायचे, तिच्यावर वरपासून खालपर्यंत पोलादी पत्रा चढवून, डोक्यावर घुमट बसवून तिची चिलखती गाडी केलेली. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. संकेत अगदी स्पष्ट होता. नगरमध्ये रोल्स-रॉइससुद्धा चिलखत घालून उभी राहते. मी मात्र त्याचा अर्थ असा लावला, की आलिशान गाड्यांची नगरला जुनी परंपरा आहे.

शेवटी एजंट म्हणाला, “साहेब, एक चक्कर मारा. वहिनींना घ्या. शिंगणापूरला देवाला दाखवून आणू, मग ठरवा.” हे मला पटलं. ज्या गावात घरांना दारं नाहीत, जिथं २०११ साली एका बँकेनं बिनकुलपाची शाखा काढली, तिथं बिनछपराच्या गाडीला कोण हसणार?

माघातला रविवार होता. हवा छान. एजंट आणि मालकाचा मुलगा मोटरसायकलवर पुढं, आम्ही दोघं मागं, टप उघडा. पहिली दोन किलोमीटर मी सिनेमात होतो. बायकोनं पदर डोक्यावरून घेतला आणि चक्क हसली. लग्नानंतर आम्ही इतकं जवळ बसून कुठं गेल्याचं मला आठवत नव्हतं. अर्थात सीटा दोनच असल्यामुळे दुसरा इलाज नव्हता.

तिसऱ्या किलोमीटरला उसाचा ट्रॅक्टर लागला. गळीत हंगाम ऐन भरात. दोन ट्रॉल्या, त्यावर माणूसभर उंच ऊस, रस्ता अरुंद. ओव्हरटेक करणं शक्य नव्हतं. पाचट उडून आमच्या मांडीवर येऊ लागलं. बंद गाडीत बसणाऱ्याला ट्रॅक्टरचा धूर नुसता दिसतो; आम्ही तो सहकुटुंब घेतला. ट्रॉलीवर बसलेल्या एका पोरानं आमच्याकडे पाहून दात काढले आणि प्रेमानं एक अख्खा ऊस खाली सोडला. तो थेट आमच्या दोघांच्या मधे उभा राहिला.

तेवढ्यात शेजारी एक मोटरसायकलवाला आला आणि आमच्याच वेगानं चालू लागला.

“केवढ्याला पडली?”

मी काच वर केली. काच वर गेली, पण वर टप नसल्यामुळे संभाषण चालूच राहिलं.

“अ‍ॅव्हरेज किती देती? आन् पाऊस आला तर?”

दोन किलोमीटर तो माझ्याशी बोलत होता. मागं बसलेल्या म्हातारीनं बायकोला माहेर विचारलं. दोघींची ओळख लागली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की गाडीचा टप उन्हापावसासाठी नसतोच. तो गावासाठी असतो. टप आहे तोवर गाडी तुमची. टप काढला की ती पाराला जोडलेली जागा.

शिंगणापूरला दर्शन झालं. एजंटनं उरलेलं तेल, नारळ आणि प्रसादाची पिशवी डिकीत कोंबली. डिकीत टपाच्या खाली एक पडदा असतो. तो खाचेत नीट बसलेला असेल तरच टप हलतो. तो त्या कोंबाकोंबीत खाचेतून निसटला. हे मला नंतर कळलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी मला नंतरच कळतात.

परतीच्या वाटेवर एका गावात रस्ता बंद. लग्न होतं. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघालेला, पण डीजेला बुजून घोडा नवरदेवाला न विचारता उसात शिरला होता. नवरदेव सुखरूप, पण पायी. दोनशे माणसं विचारात उभी, आणि समोरून मी आलो: फुलं वाहिलेली, टप उघडा ठेवलेली निळी गाडी घेऊन. देवानंच धाडलं, असं सगळ्यांना वाटलं असणार.

“पाहुणं, दोन मिनिटं. देवळापतूर.”

मी काही म्हणायच्या आत करवल्यांनी बायकोला हाताला धरून उतरवलं. नवरदेव मागच्या झाकणावर बसला, बूट सायीच्या सीटवर. माझ्यातला सर्व्हेअर जागा झाला: सत्तर किलोचा नवरदेव, झाकणाखाली घडी घातलेला टप, नुकसान अंदाजे... तेवढ्यात समोर जेसीबी दिसला. त्याचं बकेट वर उचललेलं होतं आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या व गुलाल काठोकाठ होता.

मी बटण दाबलं. गाडी ‘टिंग’ म्हणाली आणि समोर लाल दिवा लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा टिंग. डीजेवाल्याला वाटलं मी ताल धरतोय. त्यानं आवाज वाढवला. २० सेकंदांत मिटणारा टप त्या दिवशी मिटलाच नाही. जेसीबीला मात्र बकेट उपडं करायला दोन सेकंद पुरले.

त्यानंतर थोडा वेळ मला फक्त गुलाबी दिसत होतं. शून्य घसाऱ्याचा माझा चष्मा प्रथमच घसरला होता. देवळापर्यंत तीनशे मीटर अंतर कापायला सव्वा तास लागला. मधे गाडी दोनदा गरम झाली, मी सतत.

देवळापाशी मालकाचा मुलगा भेटला. गाडी आतून-बाहेरून गुलाबी. “साहेब,” त्यानं हळूच विचारलं, “गुलालाला क्लेम बसतो का?” मी सवयीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि माझंच वाक्य माझ्या घशात अडकलं. धुलाईचे सहा हजार मी मुकाट्यानं दिले.

बायको मांडवातून आली. पंगतीत पहिल्या रांगेत बसून, बुंदी खाऊन, ओटी भरून. इतक्यात नवऱ्या मुलाचे वडील धावत आले. “ड्रायव्हरचा मान राह्यलाच की!” म्हणून त्यांनी माझ्या गळ्यात टॉवेल टाकला, हातात नारळ आणि पाचशे एक रुपये दिले आणि दिवसभर उन्हात तापलेल्या, गुलालानं माखलेल्या माझ्या डोक्यावर पांढरी टोपी घातली. इतका गारवा मला त्या गाडीनं दिवसभरात दिला नव्हता.

बायकोनं टोपी जरा सरळ केली. “बसली बघा बरोबर,” ती म्हणाली. “एजंट चौदा लाखांची घालणार होता. ही फुकट मिळाली, वर पाचशे एक.”

मालकाच्या मुलानं पुढं गाडी विकलीच नाही. तो आता ती परण्याला भाड्यानं देतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. एक मोठी तारीख आलीय, गाडीबरोबर ‘तेच टोपीवाले ड्रायव्हर’ पाहिजेत म्हणून पार्टी अडून बसलीय. मी चिडून बायकोला सांगितलं.

तिनं भाजी निवडताना मान वर केली नाही. “जा की,” ती म्हणाली. “टोपी धुऊन ठेवलीय.”