जिन्यातलं नेट कोणी पळवलं?

अहो, ऐकलंत का? ती पिशवी आधी खाली ठेवा बघू, उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाहीच हे. तुम्ही नेमक्या बदलापूरला लेकीकडे गेलात आणि इकडे बुवापाड्यात आपल्या बिल्डिंगमध्ये जे काही झालंय ना... शिलाईवाल्या ताईंवर आळ आला. हो हो, त्याच. ज्यांच्या तोंडून महिनोन्‌महिने शब्द फुटत नाही त्या. आणि आळ कसला, तर म्हणे सगळ्या जिन्याचं नेट त्यांनी पळवलं!

हसू नका, खरंच. शुक्रवारी लाइट गेली होती, ते तर माहीतच आहे तुम्हाला, बदलापूरलाही गेलीच असेल. दुपारी चारला आली. पंखे फिरले, फ्रिज सुरू झाले, टाकीची मोटर लागली, नेट मात्र नाही. म्हणजे गंमत अशी, की मोबाइलवर वायफायच्या दांड्या पूर्ण भरलेल्या, आणि खाली बारीक अक्षरात ‘इंटरनेट नाही’. एका घरात नाही हो, वरपासून खालपर्यंत सगळ्यांकडे हेच. बँकवाल्यांची सून तर रडायच्या बेतात. तिचा रात्रीचा अमेरिकेचा कॉल, आणि तिचं ऑफिसचं काय आहे, २०१९च्या जुलैत ती महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली होती ना, हजारावर माणसं आत आणि बोटी घेऊन काढली त्यांना, तेव्हापासून तिच्या साहेबाने सांगून ठेवलंय, पाऊस दिसला की घरीच बस. आता घरी बसून नेटच नसेल तर बसून करायचं काय? पोळ्या लाटायच्या? सासूबाई म्हणाल्याही तसं. सुनेचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही.

तर काय सांगत होते... हां, कस्टमर केअर. सगळ्यांनी फोन लावले. तिकडची मुलगी एकच सांगते, राऊटर बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा. आम्ही सगळे आज्ञाधारक. जिनाभर नुसतं टकटक, बटण बंद, बटण चालू. कधी कुणाकडे पाच-दहा मिनिटं यायचं, की ‘आलं आलं’ असा ओरडा, आणि मग परत गायब. त्या केबलवाल्याचा पोरगा येऊन गेला. जिन्यातली पेटी उघडली, म्हणाला, फायबर बरोबर आहे, लाल दिवा नाही, हिरवाच आहे. बँकवाल्यांच्या वायरीचं टोक कापलं, नवा जॅक बसवला, नारिंगी-पांढरी आधी, मग नारिंगी, अशा त्या आठ तारा ओळीने लावल्या, पैसे घेतले. त्याच वेळी नेमकं नेट आलं. पोरगा जिना उतरून विम्को नाक्यापर्यंत पोचला नसेल तोवर पुन्हा गेलं!

मला तर बाई आमच्या दिरांचं डोंबिवलीचं घर आठवलं. १९९५च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट आणलं, आणि पुढे दोन-तीन वर्षांत दिरांनी हौसेने घेतलंच. तो मोडेम किर्र-कुई करायचा आणि तेवढा वेळ फोन एंगेज. सासूबाई आजारी होत्या तेव्हा निरोप मिळाला नाही म्हणून केवढं रामायण झालं होतं... पण एक सांगते, तेव्हा बिघाड निदान कानाला कळायचा. आता सगळे दिवे हिरवे आणि आत काय चाललंय कुणाला पत्ता नाही.

तर शनिवारी संध्याकाळी ऑर्डनन्सवाले काका जिन्यात उभे राहिले. फॅक्टरीतून रिटायर झाले तरी स्क्रू ड्रायव्हर खिशातून काही रिटायर झालेला नाही, मिक्सर असो नाहीतर मोटर, आधी खोलणार. त्यांनी एकेकावर बोट ठेवायला सुरुवात केली. आधी आल्या तळमजल्याच्या वहिनी. त्यांनी अधिक महिन्यात जावयाच्या पैशाने, म्हणजे वाण राहिलं बाजूला आणि... असो, तो मायक्रोवेव्ह घेतलाय ना. काका म्हणाले, त्याच्या लहरी नेट खातात. वहिनींनी त्या संध्याकाळी तो चालूच केला नाही, पापड गॅसवर भाजले. नेट काही आलं नाही. मग रस्त्याचं खोदकाम, मग उंदीर, मग जिन्यातली कबुतरं.

आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, कोण ते मी सांगणार नाही, पण तुम्हाला आवाज ओळखीचा आहे, ‘शिलाईवाल्या ताईंकडे कसं काय चालू आहे हो?’

अहो, शांतता पसरली. खरंच चालू होतं! दाराच्या फटीतून सीरियलचं टायटल ऐकू येत होतं, मोबाइलवरचं. मग काय विचारता. कुणी म्हणे केबलवाल्याच्या पोराचे शर्ट फुकट शिवतात. कुणी म्हणे मुलगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते, तिने काहीतरी ‘हॅक’ केलं असणार. काका तर म्हणाले, ‘सगळ्यांचा स्पीड एका घरात ओढून घेता येतो, माझ्या वाचनात आलंय.’ ताई दार उघडून बाहेर आल्या, हातात टेप, गळ्यात सुई-दोरा. एक शब्द बोलल्या नाहीत. डोळे मात्र भरले होते. दार लावून घेतलं. तुम्हाला सांगते, त्या रात्री मला भात गेला नाही.

आणि मग... ऐका तर. रविवारी सकाळी ती त्यांची मुलगी बाहेर आली. लॅपटॉप हातात, केस तसेच विंचरलेले-न विंचरलेले. आईवर आळ आला म्हटल्यावर पोर पेटणारच. आधी बँकवाल्यांकडे गेली, त्यांच्या राऊटरची वायर काढून सरळ लॅपटॉपला लावली आणि काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं. म्हणाली, ‘काकू, पत्ता बघा. १९२.१६८.०ने सुरू होतो. आमच्याकडे येतो तो दहाने सुरू होतो. हा पत्ता केबलवाल्याने दिलेलाच नाही.’

आता हे मला तिने जसं सांगितलं तसं सांगते. राऊटर चालू झाला की तो त्या तारेवर सगळ्यांना ओरडून विचारतो, मला पत्ता द्या. पत्ते वाटायचं काम केबलवाल्याच्या मशीनचं, ते राहिलं लांब. पण त्याच तारेवर जवळ कुणी दुसरं पत्ते वाटत बसलं असेल, तर त्याचं उत्तर आधी येतं, आणि आपला राऊटर जे आधी येईल ते घेतो. स्टेशनबाहेर पत्ता विचारला की ज्याला माहीत नाही तोच सगळ्यात आधी पुढे येतो ना, तसं. तो सांगतो, माझ्याकडून जा. आपण जातो. त्याच्याकडे बाहेर जायची वाटच नाही! म्हणून दांड्या भरलेल्या आणि नेट नाही. आणि कधीमधी केबलवाल्याचं उत्तर आधी पोचलं, की पुढच्या बंद-चालूपर्यंत चालू.

मी म्हटलं, अगं, पण वायर तुटली असेल तर? म्हणाली, ‘मावशी, कुणीच पत्ता दिला नाही तर लॅपटॉप स्वतःच एक बनवतो, तो १६९.२५४ने सुरू होतो. तसा असता तर मी पण उंदीर म्हटलं असतं. इथे कुणीतरी देतंय.’ आणि मायक्रोवेव्ह? तर तो चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर आणि साधं वायफाय त्याच्या शेजारीच, २.४वर. शेजारच्या खोलीत अडखळेल थोडं, पण तळमजल्यावरून चौथ्या मजल्याची वायर काही तो बंद पाडणार नाही. वहिनींनी तिथल्या तिथे काकांकडे असं पाहिलं... त्या पापडांचा राग होता तो.

आणि हो, ताईंकडे का चालू होतं? इन्व्हर्टर! त्यांच्या मशीनसाठी घेतलाय, राऊटर त्याच्यावरच. शुक्रवारी लाइट गेली तेव्हा सगळ्यांचे राऊटर मेले आणि उठल्यावर नव्याने पत्ता मागायला गेले. जिन्यातल्या पेटीला केबलवाल्याची बॅटरी आहे, ती चालूच. ताईंचा राऊटर मेलाच नाही. जुना खरा पत्ता धरून बसलाय आणि मुदत वाढवायची झाली तर ज्याने दिला त्यालाच विचारतो. म्हणजे बघा, कस्टमर केअरवाली सांगत होती बंद करा, चालू करा, आणि आम्ही जितक्यांदा बंद करत होतो तितक्यांदा पुन्हा त्याच खोट्या पत्त्यावर जात होतो!

तर काय सांगत होते, चोर कसा सापडला. तिने लॅपटॉपवर त्या खोट्या १९२.१६८.०.१ला पिंग लावून ठेवलं. म्हणजे हाक मारत राहायची आणि तिकडून ओ येत राहते, एकामागून एक ओळी. पेटीला कुलूप होतं. कुणाकडे स्क्रू ड्रायव्हर? काकांकडे! काका पुढे, मोठ्या उत्साहाने, ‘हटा, हटा.’ त्यांनीच बिजागरी काढली. आत वायरींचा नुसता गुंता, एकीवर चिठ्ठी नाही कुठल्या घराची. मुलगी म्हणाली, काका, एकेक वायर काढा आणि लावा, मी पडदा बघते. पहिली काढली, ओळी चालू. दुसरी, चालू. तिसरी. अख्खी बिल्डिंग जिन्यात, बँकवाल्यांचे सासरे लुंगीवर. काकांनी पुढची वायर काढली आणि ओ यायची थांबली. लावली, आली. परत काढली, थांबली.

‘ही कुणाची?’ काका केवढ्यांदा ओरडले. ‘धरा याला!’

वायरीवर हात ठेवून सगळे वर निघाले. पहिला मजला गेला. वायर वळली ती दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे... चपलांच्या स्टँडच्या मागून... अहो, काकांच्याच दारात!

काय सांगू तुम्हाला, काकांचा चेहरा. आधी लाल, मग कसातरीच. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडात घातला, पण खांदे हलत होते. ‘गुरुवारी आणलाय ना हो नवा,’ एवढंच म्हणाल्या, आणि आत पळाल्या. तर झालं होतं असं, की जुना स्लो वाटला म्हणून काकांनी गुरुवारी कॅम्पातून नवा राऊटर आणला, बसवायला माणूस कशाला, मी आहे ना! आता त्या राऊटरला मागे चार पिवळे पोर्ट आणि एक निळा. बाहेरून येणारी वायर निळ्यात घालायची. काकांनी घातली पिवळ्यात. पिवळे घरातल्या कॉम्प्युटर-टीव्हीला पत्ते वाटायला असतात, तर त्यांच्या राऊटरला वाटलं, ही अख्खी बिल्डिंगच काकांच्या घरातली, आणि बसला वाटत! काकांचंही नेट बंदच, म्हणून तर कुणाला संशय आला नाही. आणि सगळ्यांच्या डोक्यात शुक्रवारची लाइट, गुरुवार कुणाला आठवतोय?

काका म्हणतात, ‘पण सगळे पोर्ट सारखेच दिसतात!’ मुलगी अगदी गरीब आवाजात म्हणाली, ‘म्हणूनच एक निळा करतात काका.’ आणि तिने वायर काढून निळ्यात घातली. बस. मग सगळ्यांना सांगितलं, आता करा बंद आणि चालू. आलं की नेट! बँकवाल्यांची सून तिच्या गळ्यातच पडली. सासूबाईंनी पोळ्यांचा विषय पुन्हा काढलेला नाही.

आणि तो १९२.१६८वाला पत्ता म्हणे १९९४पासून खासगी वापरासाठी राखूनच ठेवलाय, जगभर घराघरात तोच, म्हणून कुणालाच त्यात वावगं दिसत नाही. मी विचारलं, मग पुन्हा कुणी असं केलं तर? तर महागाच्या पेटीत एक सोय असते, पत्ते फक्त केबलवाल्याकडून येणाऱ्या वायरीनेच यायचे, घरांकडून आले तर अडवायचे. आमच्या जिन्यातली पेटी स्वस्तातली, तिच्यात ती सोय नाही. माझं विचाराल तर काकांइतकाच दोष त्या पेटीचा. बाई, माणूस चुकणारच, पण एका घरातली चुकलेली वायर अख्ख्या जिन्याला भोवते म्हणजे काय!

काकांनी माफी? छे! पण सोमवारी शिवमंदिरात गेले होते, श्रावण आहे ना, पूर्वेला, पावसात, तिथून आल्यावर ताईंच्या दारात प्रसाद आणि दोन पँटी ठेवून गेले. अल्टरला. पूर्ण पैसे देऊन, म्हणे, घासाघीस नाही! ताईंनी पँटी घेतल्या, पण सोमवारपासून अजून शिवायला काढलेल्या नाहीत. मला विचाराल तर बरं केलं.

बरं, आता तुम्ही आलाच आहात तर मुद्द्याचं सांगते. रविवारी अकरा वाजता गच्चीवर सभा आहे. पेटीतल्या प्रत्येक वायरीला घराची चिठ्ठी लावायची, ते मंजूर झालंच आहे. वाद आहे तो नव्या पेटीच्या पैशांचा. केबलवाला म्हणतो सोसायटीने द्यावेत, काही जण मान डोलवायला लागलेत, काका त्यात पहिले. पेटी त्याची, महिन्याचे पैसे घेतो तो, तर पेटीही त्यानेच बदलायची. तुम्ही या, आणि तुमच्या ह्यांनाही आणा. हात वर करायला माणसं कमी पडतायत.