दुष्काळ बघायला लिमाला?

ऐकलंत का? माळीवेशीतल्या एका निवृत्त गुरुजींनी (नाव घेत नाही, उगाच वाईटपणा नको) फंडाच्या पैशातून सपत्नीक लिमा गाठली. लिमा म्हणजे पेरू देशाची राजधानी, थेट दक्षिण अमेरिकेत. आजवर बीडच्या माणसाला फंड मिळाला की तो वरचा मजला चढवायचा, पोरीचं लग्न उरकायचा, फार तर काशी-रामेश्वर करून यायचा. आता काय ते थेर! भिशीच्या बायकासुद्धा दुबई-बँकॉकचं नाव काढलं की नाक मुरडतात. “दुबईला काय, आता कुणीबी जातंय,” हे सुभाष रोडच्या साडीच्या दुकानात मी माझ्या या कानांनी ऐकलंय. मला विचाराल तर हे सगळं मीना प्रभूंचं करणं. ‘दक्षिणरंग’ हे दक्षिण अमेरिकेचं प्रवासवर्णन लिहून त्या मोकळ्या झाल्या, आणि वाचनालयातली ती प्रत घरोघर फिरून इथले संसार बिघडले.

बरं, जायचंच तर आपल्याकडं नाही ते बघायला जावं. हे गेले कुठं, तर जिथं पाऊसच पडत नाही तिथं! कैरो सोडलं तर वाळवंटात वसलेलं एवढं मोठं शहर दुसरं नाही म्हणतात. कोटभर वस्ती, आणि वर्षाचा पाऊस धड दोन सेंटिमीटरही नाही. आपल्या बीडला दुष्काळी म्हणून सगळा महाराष्ट्र नावं ठेवतो, पण आपली सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास तरी आहे. म्हणजे हिशोबानं लिमाकरांनीच श्रावणात सौताड्याचा धबधबा बघायला पाटोद्याला यायला हवं होतं. ज्यांची हयात टँकरची वाट बघण्यात गेली, त्यांनी लाखांनी पैसे ओतून, दीड दिवस विमानं बदलत, बिनपावसाचं गाव बघायला जावं? कलियुग म्हणतात ते हेच.

गुरुजींचा खुलासा असा, की ते गेले ते थंडाव्याला. मे महिन्यात इथं पारा बेचाळीसवर असतो तेव्हा विषुववृत्ताच्या खाली हिवाळा तोंडावर आलेला असतो, आणि लिमात वीस अंशांच्या आसपास सुखद गारवा. समोरच्या समुद्रातून हंबोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यामुळं खालची हवा गार राहते, वर चढत नाही. ढग नुसता गावावर पसरून बसतो. पडायचं नाव नाही. क्वचित धुक्यासारखी भुरभुर, बस्स. हे करडं आभाळ महिनोन् महिने हलत नाही; तिथले लोक त्याला गाढवाचं पोट म्हणतात. हे सगळं गुरुजी फळ्यावर आकृती काढल्यासारखं समजावत होते, तेवढ्यात चौसाळ्याकडचा एक शेतकरी म्हणाला, “आभाळ भरून येतं अन् पडत न्हाई, त्याला तिकीट कशाला काढलं गुरुजी? जुलैत माझ्या रानात यायचं की!”

पण एक गोष्ट मात्र मलाही पटली. भर वस्तीत, मिराफ्लोरेस नावाच्या श्रीमंत भागात, कच्च्या विटांचा एक मनोरा आहे. वाका पुक्याना त्याचं नाव. दीड हजार वर्षांपूर्वीचं मातीचं काम, विटा पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या, आणि अजून शाबूत! पाऊसच नाही तर माती वाहून जाईल कशी? आपल्याकडं दोन दिवस झड लागली की माळवदाखाली पातेली मांडावी लागतात.

आता खरी भानगड ऐका. जरा जवळ या. त्याच मिराफ्लोरेसमध्ये समुद्राच्या कड्यावर प्रेमाची बाग आहे. 1993 च्या 14 फेब्रुवारीला म्हणे मुद्दाम मुहूर्त धरून उघडली. मधोमध एकमेकांना मिठी मारून चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा भलाथोरला पुतळा. आणि त्या पुतळ्यासमोर आमचे गुरुजी आणि काकू, चक्क खांद्यावर हात टाकून! चाळीस वर्षांच्या संसारात बाजारात जाताना काकू चार पावलं मागं चालल्या. तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला आणि परळीपर्यंत फोन गेले. पुढं लार्को नावाच्या संग्रहालयात हजारो वर्षांची मातीची भांडी आहेत. त्यातलं एक दालन वेगळंच ठेवलंय, कारण त्या भांड्यांवर जे घडवलंय ते मी इथं लिहू शकत नाही. मंडळी त्या दालनात गेली का? काकू म्हणतात, नाही. गुरुजी म्हणतात, पुरातत्त्वाचा अभ्यास म्हणून. एरवी धर्मापुरीच्या केदारेश्वराला नेलं तर सुरसुंदरींसमोर हेच गुरुजी चष्मा पुसत बसतात.

आणि खाणं! गळ्यात तुळशीची माळ, आणि लिमात तर सेविचे म्हणजे जीव की प्राण. कच्च्या माशाचे तुकडे, लिंबाचा रस, कांदा, मिरची. चुलीचा संबंध नाही. खाली उरलेल्या आंबट रसाला वाघाचं दूध म्हणतात आणि ग्लासातून पितात, ऐकूनच माझे दात आंबले. शिवाय तिथं गिनीपिग भाजून खातात, ते वेगळंच. जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून 2023 ला लिमाच्या ‘सेंट्राल’चं नाव निघालं आणि 2025 ला लिमाच्याच ‘माइदो’चं. पण तिथं जाऊन आमचे माळकरी जेवले काय? सेविचेच्या ताटात कडेला ठेवतात ती उकडलेली रताळी आणि मक्याचे दाणे! जेवण वाया गेलं म्हणून मी हळहळलो, तर काकूंनीच मला गप्प केलं. “भाऊजी, तुमच्या एकादशीच्या ताटात काय असतं?” बटाटा तिकडचा; पेरूत त्याच्या हजारो जाती, लिमात तर 1971 पासून बटाट्याची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थाच आहे. शेंगदाणा तिकडचा, रताळं तिकडचं, हिरवी मिरची तिकडची. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडचा, राजगिराही अमेरिका खंडांतलाच. भगर तेवढी आपली, पण तिच्यावरची आमटी पुन्हा शेंगदाण्याची! म्हणजे आषाढीला आम्ही विठ्ठलासाठी उपास धरतो आणि जेवतो परदेशी.

एवढ्यावर थांबतील तर त्या काकू कसल्या? आमच्या बालाघाटच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा धारूरपासून बीडपर्यंत छाती फुगली होती. त्या सीताफळाचं मूळही अमेरिकेतलंच, आणि त्याची चुलतबहीण चिरीमोया लिमाच्या बाजारात ढिगानं. काकूंनी खाऊन पाहिलं. “गर जास्त, बिया कमी, पण आपल्यासारखी रवाळ गोडी न्हाई,” असा निकाल दिला. एवढ्याचसाठी मी त्यांना माफ केलं.

टँकरही दिसला म्हणे. डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना नळ नाही, तिथं पाणी टँकरनं येतं आणि नळवाल्यांपेक्षा महाग पडतं. काही ठिकाणी लोकांनी टेकडीवर जाळ्या उभ्या करून धुकं गाळून पिंपं भरायची सोय केलीय. बसच्या खिडकीतून टँकर दिसताच काकू सवयीनं हंडा शोधायला लागल्या, असं गुरुजी सांगतात. काकूंना हे अजिबात मान्य नाही.

आता पुढच्या वर्षीचा बूट निघालाय तो बोलिव्हियातल्या ला पाझचा. कागदावर राजधानी सुक्रे, पण सरकार बसतं ला पाझला. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी गाव वरच राहतं. मांजरसुंब्याच्या घाटात ज्यांना लिंबू हुंगावं लागतं, ती मंडळी तिथं श्वास कुठून आणणार? पण भिशीला भुरळ पडलीय ती तिथल्या पाळण्यांची. 2014 पासून तिथं लोक तारेवरच्या पाळण्यात बसून कामावर जातात, बाजारहाट करतात. “आपल्याकडं का नको?” असं एक वहिनी भर भिशीत म्हणाल्या म्हणे. वहिनी, जरा दमानं! नगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली 1995 ला, आणि बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरला गाडी सुटली 17 सप्टेंबर 2025 ला. पाळणा हवाच असेल तर अर्ज आजच टाका, म्हणजे 2055 पर्यंत निदान सर्वेक्षणवाले घाटात फिरताना दिसतील.